फ्लॅटमध्ये गॅसवर मक्याचं कणीस नीट कसं भाजायचं? (देशी आणि स्वीट कॉर्न दोन्ही)

डहाणूकर_गल्ली
नमस्कार मंडळी. पाऊस लागला आणि घरात कणसाची फर्माईश सुरू झाली. खडकवासला चौपाटीवर किंवा सिंहगडाच्या पायथ्याला कोळशावरचं मिळतं ते सगळ्यांनाच आवडतं, पण शनिवार-रविवारी त्या रस्त्याला जी गर्दी असते त्यात सासूबाईंना घेऊन जाणं जमणार नाही, म्हणून घरीच करायचंय. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, पाईपचा गॅस, कोळशाची शेगडी नाही.
प्रश्न असे की देशी कणीस थेट आचेवर धरलं की दाणे बाहेरून काळे पडतात आणि आत कच्चे राहतात, मग आधी उकडून घ्यायचं का? मंडईत पांढरं देशी आणि पिवळं स्वीट कॉर्न दोन्ही मिळतं, भाजायला कुठलं घ्यावं? आणि सासूबाईंना कवळी आहे, त्यांना कणीस चावता येत नाही पण चव अतिशय प्रिय, त्यांना काय करून देऊ?

शनिपार_रोज
ताई, आधी कणीस कुठलं ते बघा, पुढचं सगळं त्यावर आहे. दोन्ही दिसायला भावंडं वाटतात पण शिजवायला एकदम वेगळी. देशीत स्टार्च जास्त, दाण्याची साल जाड, म्हणून त्याला वेळ लागतो आणि भाजल्यावर तो खमंग वास येतो. स्वीट कॉर्नमध्ये साखर आणि पाणी जास्त, ते ५-७ मिनिटं उकळत्या पाण्यात टाकलं की झालं, कुकरला लावायचं तर एकच शिट्टी. लोक त्याला चार-पाच शिट्ट्या देतात आणि मग म्हणतात दाणे सुरकुतले, चव गेली. चव पाण्यात गेलेली असते हो.
भाजायला देशीच घ्या. कोवळं असेल तर उकडायची गरज नाही, फक्त आच मंद ठेवा आणि वांगं-फुलके भाजायची जाळी वापरा, आचेपासून थोडं उंच राहतं आणि फुटलेले दाणे बर्नरच्या भोकात पडत नाहीत. सारखं फिरवत राहायचं, ८-१० मिनिटं तरी लागतात, इथेच सगळे घाई करतात. दाणे टपोरे असतील तर आधी कुकरला ३ शिट्ट्या, मग बाहेर काढून फडक्याने अगदी कोरडं पुसायचं आणि शेवटची दोन-तीन मिनिटं मोठ्या आचेवर. ओलं कणीस आचेवर ठेवलं तर आधी पाणीच उडत बसतं, डाग पडत नाहीत.
कोळशासारखी चव गॅसवर शंभर टक्के येत नाही, त्याला कारण आहे. गॅस जळताना वाफ तयार होते, कोळशाची धग कोरडी असते, शिवाय तो धूर. पण लिंबाची फोड तिखट-मिठात बुडवून गरम कणसावर दाबून चोळलीत ना, की निम्मं काम होतं. गरम असतानाच चोळा, गार झाल्यावर मसाला धरत नाही.

पसायदान_२
+१ जाळीला. आणि पानं मागे ओढून मूठ करून धरायची असतील तर त्यांची टोकं आधी कात्रीने कापा, गॅसवर सुकी टोकं पटकन पेट घेतात.

मंचरचा_शेतकरी
आमच्याकडे स्वीट कॉर्न असतं म्हणून थोडं लिहितो. लावल्यापासून साधारण ७५ ते ९० दिवसांत तोडायला येतं, जात आणि हंगाम बघून. तोडणी शक्यतो पहाटे, कारण कणीस गार असतं. तोडल्यावरही दाणा जिवंतच असतो आणि आतल्या साखरेचा स्टार्च करत राहतो. जुन्या साध्या गोड जातींमध्ये ३० अंशाला एका दिवसात निम्म्याच्या वर साखर जाऊ शकते, बर्फाच्या जवळपासच्या थंडीत मात्र फार थोडी जाते. आताच्या जास्त गोड जाती बऱ्याच जास्त दिवस टिकतात, तरी टेम्पोत आणि मग हातगाडीवर उन्हात दिवस काढलेलं कणीस आणि सकाळचं कणीस यात फरक पडतोच. म्हणून सकाळी लवकर घ्या, आणल्या आणल्या पानांसकट फ्रिजमध्ये टाका.
विकत घेताना वरची पानं हिरवी आणि ओलसर हवीत, देठाची कापलेली बाजू वाळून तपकिरी झालेली नको. टोकाचे केस तपकिरी झालेले पण आत थोडे चिकट असले तर कणीस भरलंय. टोकाला एक दाणा नखाने दाबा, दुधासारखा रस आला तर बरोबर वेळेला तोडलंय, पाणी आलं तर कोवळं, आणि पिठासारखं निघालं तर जून. मात्र विकणाऱ्याला विचारून दाबा, आणि दहा कणसं सोलून ठेवून एक घेऊ नका, सोललेलं कणीस लगेच सुकतं आणि नुकसान त्या माणसाचं होतं.
मधे मधे दाणे नसले तर घाबरू नका, प्रत्येक केस एका दाण्याला जोडलेला असतो, ज्या केसाला पराग मिळाला नाही तिथली जागा रिकामी राहते, चवीला काही होत नाही. टोकाला अळी निघाली तर तेवढं टोक कापून टाका, बाकीचं खुशाल खा. २०१८ पासून अमेरिकन लष्करी अळी आपल्या देशात आली आहे, आम्ही तिच्याशी भांडून हे कणीस तुमच्यापर्यंत आणतो, तेव्हा एका अळीसाठी पूर्ण कणीस फेकलेलं बघवत नाही.

गॅलरीतला_पाऊस
छोटी लोखंडी शेगडी आणा की, कोळसा मिळतो, पाऊस आहे म्हणून गॅलरीचं सरकतं दार लावून आत बसून भाजायचं, मजा येते.

कर्वेरोड_उत्तर
दार लावून अजिबात नको. कोळशातून कार्बन मोनॉक्साईड निघतो, त्याला वास नसतो, रंग नसतो, माणसाला आधी डोकं दुखून झोप आल्यासारखं होतं आणि कळतच नाही काय चाललंय. ज्येष्ठ माणूस घरात आहे म्हणून मुद्दाम लिहितेय. शेगडी पूर्ण उघड्या गच्चीतच, आणि झाल्यावर विझायला आलेले निखारेही घरात आणू नका, ते विझताना सुद्धा हा वायू निघत असतो.

गॅलरीतला_पाऊस
हे माहीत नव्हतं, धन्यवाद. गच्चीतच करू.

इंदूरहून_औंध
सासूबाईंसाठी मक्याचा कीस करा!! माझं माहेर इंदूरचं, तिकडे सराफ्यात (सोन्याचा बाजार, रात्री खाऊगल्ली होते) रात्री हाच खायला लोक जातात. कच्चं कणीस किसणीवर उभं धरून किसायचं, जाड साल बरीचशी किसणीवरच राहते आणि खाली मऊ दुधाळ लगदा येतो, कवळीत अडकायला काही उरत नाही. चार कणसांना दोन मोठे चमचे साजूक तूप, मोहरी, जिरं, हिंग, हिरवी मिरची बारीक वाटून (चिरून नको, दाताखाली येते), मग कीस घालून मंद आचेवर तूप सुटेपर्यंत परतायचा, साधारण १० मिनिटं, कच्चा वास गेला पाहिजे. मग पाऊण कप दूध, झाकण, पुन्हा ५-७ मिनिटं. मीठ शेवटी, चिमूटभर साखर, लिंबू, कोथिंबीर, ओलं खोबरं. लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळा नाहीतर दूध फाटतं.
यालाही देशी कणीस चांगलं, दुधाच्या अवस्थेतलं, कारण त्यातल्या स्टार्चने कीस मिळून येतो. स्वीट कॉर्नचा केलात तर दूध निम्मं घाला, नाहीतर पातळ होतो आणि गोडही फार. आणि भाजलेल्या वासाची आवड असेल त्यांना, तर किसायच्या आधी कणीस एक मिनिट जाळीवर फिरवून घ्या, दाणा आत कच्चाच राहतो म्हणून किसता येतो पण वास लागतो. माझ्या आजीला असाच आवडायचा.

डहाणूकर_गल्ली
सगळ्यांना मनापासून धन्यवाद, एवढं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. किसाचं वाचून सासूबाई आत्ताच म्हणाल्या उद्याच कर. मंचरच्या दादांना विशेष धन्यवाद, विचारून दाबायचं लक्षात ठेवीन. अजून दोनच शंका, उकडताना पाण्यात मीठ घालायचं का, आणि दहा-बारा कणसं एकदम आणली तर ठेवायची कशी?

शनिपार_रोज
मीठ पाण्यात नको, अख्ख्या दाण्याच्या सालीतून आत फारसं जात नाही, वरून लावलेलं थेट जिभेला लागतं. खरं तर उकडण्यापेक्षा मोदकपात्रात वाफवा, आतली दोन पानं ठेवून, स्वीट कॉर्नला १० मिनिटं पुरतात.

मंचरचा_शेतकरी
दोन दिवसांत संपणार असतील तर पानांसकट, न धुता, पिशवीचं तोंड सैल ठेवून फ्रिजमध्ये. जास्त दिवस हवी तर सोलून उकळत्या पाण्यात ४-५ मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, गार झाल्यावर पुसून दाणे सुरीने काढायचे आणि डब्यात भरून फ्रीजरला. कच्चे दाणे तसेच फ्रीजरला टाकू नका, गोठल्यावरही त्यांची चव हळूहळू उतरते. आणि पानं-दांडे ओल्या कचऱ्यात टाकण्यापेक्षा जवळ कुणाची गाय-म्हैस असेल तर द्या, जनावरं आवडीने खातात.