ऐंशीच्या दशकारंभीचा फ्रेंच प्रौढ चित्रपट: नाट्य खरे की निमित्तापुरते?

मूळ धागा
फ्रान्समधील प्रौढ चित्रपटांचा विषय १९७४ च्या ‘एमान्युएल’पाशी निघतो आणि तिथेच संपतो, १९८० नंतरचे काम निव्वळ बाजारू म्हणून बाजूला सारले जाते. मला हे अन्यायाचे वाटते. ३० डिसेंबर १९७५ च्या वित्त कायद्याने अश्लील चित्रपटांसाठी ‘एक्स’ हा वर्ग निर्माण केला. त्यात पडलेल्या चित्रपटाला ३३ टक्के मूल्यवर्धित कर, नफ्यावर आणखी २० टक्के वसुली, सरकारी साहाय्यनिधी बंद आणि प्रदर्शन फक्त ठरावीक चित्रगृहांत. कथेवर केलेला खर्च भरून निघण्याची आशा नसताना क्लोद म्युलो यांनी ‘ला फाम-ऑब्जे’ काढला. एकही स्त्री ज्याच्याजवळ टिकत नाही असा विज्ञानकथालेखक आज्ञाधारक यंत्रस्त्री घडवतो आणि शेवटी तीच त्याच्या ताब्यात राहत नाही. पुरुषाच्या मालकीहक्काच्या कल्पनेवरच बोट ठेवणारे हे कथानक त्याच पुरुष प्रेक्षकासमोर मांडणे, ही माझ्या मते खरी नाट्यदृष्टी होय.

प्रतिसाद १
असहमत. कल्पना चांगली असणे आणि ती नाट्यातून फुलणे यांत फार अंतर आहे. या चित्रपटांचे चित्रीकरण अत्यंत थोड्या दिवसांत उरकले जाई, संवाद पुष्कळदा मागाहून ध्वनिमुद्रित होत, आणि ठरावीक अंतराने कथा थांबवून प्रेक्षकाला हवे ते दाखवावेच लागे. ज्या कथेला दर काही मिनिटांनी थांबावे लागते, तिच्यात ताण साठणार कसा? शिवाय म्युलो यांनी हे काम फ्रेदेरिक लान्साक या टोपणनावाने केले. अभिमान असता तर नाव लपवले असते का?

प्रतिसाद २
प्रौढ चित्रपटांतील अभिनेत्री ब्रिजित लाए यांचे उदाहरण पाहावे. झाँ रोलाँ यांच्या १९७९ च्या ‘फासिनास्यों’ या भयपटात हातात कोयता घेऊन पुलावर उभी असलेली त्यांची आकृती आजही रसिकांच्या स्मरणात आहे, आणि १९८० च्या सुमारास त्यांनी प्रौढ चित्रपट सोडले. त्यांच्यातील अभिनेत्रीला वाव मिळाला तो या प्रकाराबाहेर, ही गोष्ट धागाकर्त्यांच्या मताविरुद्धच जाते.

धागाकर्त्याचे उत्तर
टोपणनावाबद्दल: लान्साक हे म्युलो यांच्याच १९७० च्या ‘ला रोझ एकोर्शे’ या भयपटाच्या नायकाचे नाव. लपायचेच असते, तर त्यांनी आपल्याच पात्राचे नाव घेतले नसते. रोलाँ यांना लाए भेटल्या त्याही एका प्रौढ चित्रपटाच्या कामात. म्हणजे त्यांच्यातील अभिनेत्री तिथेच दिसली होती. कथा थांबते हा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि बहुतेक चित्रपटांना तो लागूही पडतो. तरीही जेरार किकोइन यांच्यासारखा, ध्वनिसंकलनातून आलेला दिग्दर्शक जागा, प्रकाश आणि संगीत यांच्या आधारे प्रसंगांना सलग ठेवू पाहतो. पुढे १९८९ मध्ये त्यांनीच अँथनी पर्किन्स यांना घेऊन ‘एज ऑफ सॅनिटी’ केला.

प्रतिसाद १
किकोइन यांचे कौशल्य मान्य, परंतु कौशल्य म्हणजे नाट्य नव्हे. आणि सगळा दोष कायद्यावर ढकलता येणार नाही: घरोघरी व्हिडिओ आला आणि १९८५ पासून कनाल प्लस वाहिनीवर असे चित्रपट दिसू लागले, तेव्हा प्रेक्षकाने चित्रगृहाबरोबर कथाही सहज सोडून दिली.