पुढचा फोर्क: तुमचं वजन, तुमची वाट, तुमचा अनुभव

माउंटन बाइकच्या सस्पेन्शन फोर्कबद्दल, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या आणि दणके गिळणाऱ्या पायांबद्दल, मत विचारलं की ‘एक नंबर’, ‘फार कडक’, ‘त्यापेक्षा अमुक घ्या’ अशी उत्तरं येतात. ती वाचून हाताला काही लागत नाही. बोलणाऱ्याचं वजन किती, तो कसल्या वाटेवर चालवतो, फोर्कमध्ये हवा किती होती, यातलं काहीच त्यात नसतं. ५५ किलोच्या माणसाची मनगटं जो फोर्क दुखवतो, तोच ९५ किलोच्या माणसाला प्रत्येक दगडावर तळाला आपटणारा वाटतो. दोघंही खरंच सांगत असतात.

म्हणून विनंती अशी: लिहिताना सामानासकट वजन, फोर्कचा ट्रॅव्हल (तो जास्तीत जास्त किती मिमी दबतो) आणि वाटेचा प्रकार आधी सांगा. हवा किंवा स्प्रिंग कशी लावली, काय बदललं, बदलल्यावर काय जाणवलं ते सविस्तर येऊ द्या. तक्रार असेल तर कंपनीच्या नावापेक्षा लक्षण लिहा, ते दुसऱ्याच्या जास्त उपयोगी पडतं.

सुरुवात मी करतो. ७८ किलो, १४० मिमीचा रॉकशॉक्स पाइक, ३५ मिमी जाडीचे स्टँचियन (खालच्या पायांत सरकणाऱ्या वरच्या नळ्या), २९ इंची चाकं. वाट सुट्या दगडांची, मध्ये मुळं. फोर्कच्या पायावर वजनानुसार हवेचा तक्ता छापलेला असतो. मी तिथून सुरुवात करतो, पण शेवटचा शब्द सॅगचा, म्हणजे नुसत्या आपल्या वजनाने फोर्क किती दबतो त्याचा. सॅग मोजताना सीटवर बसून उपयोग नाही. उतारावर असतो तसं पेडलवर उभं राहायचं, कोपर सैल, आणि कुणाला तरी स्टँचियनवरची ओ-रिंग (रबरी कडं) खाली सरकवायला सांगायचं. हळूच उतरायचं आणि रिंग किती वर गेली ते बघायचं. १४० मिमीला २० टक्के म्हणजे २८ मिमी. मला तिथेच बरं वाटतं. हवा एकदम भरू नका. थोडी भरली की फोर्क पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे वरच्या आणि खालच्या, निगेटिव्ह कप्प्यातला दाब समान होतो. दाबल्यावर पंपाचा काटा खाली येतो, तेव्हा पुन्हा भरायची. हे टाळलं तर सॅगचा आकडा फसवतो.

आता तुम्ही लिहा.

५२ किलो, १२० मिमी, अरुंद जंगलवाटा

हलक्या चालकांबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून जरा लांब लिहिते.

माझ्या पहिल्या बाइकला कॉइल स्प्रिंगचा फोर्क होता. अशा फोर्कमधली स्प्रिंग साधारण मध्यम वजनाचा माणूस धरून बसवलेली असते. वरची प्रीलोडची कळ फिरवून ती मऊ होईल असं बऱ्याच जणांनी सांगितलं, पण प्रीलोडने स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही, ती फक्त आधीपासून किती दाबून ठेवायची एवढंच बदलतं. कळ पूर्ण सैल करूनही माझा सॅग जेमतेम १० टक्के यायचा आणि निम्मा ट्रॅव्हल कधी वापरलाच जायचा नाही. उतार संपेपर्यंत बोटं बधिर. त्या कंपनीची मऊ स्प्रिंग वेगळी मिळतच नव्हती.

मग एअर स्प्रिंगचा फोर्क घेतला आणि पहिल्यांदा पुढचं चाक दगडावरून जातंय हे हातांऐवजी डोळ्यांना कळलं. पण हलक्या माणसाची अडचण तिथे संपत नाही. हवा कमी म्हणजे फोर्कला परत वर ढकलणारा जोरही कमी. त्यामुळे रिबाउंडची, म्हणजे दबलेला फोर्क किती वेगाने वर उठेल ते ठरवणारी, कळ पूर्ण उघडी, ससा काढलेल्या (वेगवान) टोकाला असली तरी फोर्क सावकाश उठतो. सलग चार मुळं आली की पहिल्या मुळानंतर तो पुरता वर यायच्या आत दुसरं येतं, आणि चौथ्यापर्यंत हँडल खाली बसलेलं असतं. सर्व्हिसिंगच्या वेळी डॅम्परमध्ये (तेलाने फोर्कची हालचाल आवरणारा भाग) पातळ तेल घालून घेतलं, तेव्हा कुठे रिबाउंडला दोन-तीन क्लिक शिल्लक राहिल्या. माझ्या वजनाच्या कुणी नवा फोर्क बघत असेल, तर दुकानात एकच गोष्ट तपासा: तुमच्या सॅगला लागेल एवढी हवा ठेवून रिबाउंड पूर्ण उघडल्यावर फोर्क झटकन उठतो का?

९८ किलो, १७० मिमी, उभे खडकाळ उतार

मी वरच्या ताईंच्या अगदी दुसऱ्या टोकाला. आधीचा फोर्क बारीक पायांचा होता. जोरात ब्रेक दाबून वळणात शिरलं की पुढचं चाक एक रेघ पकडायचं आणि हँडल दुसरी. आता फॉक्स ३८ आहे. नावातला आकडा म्हणजेच स्टँचियनचा व्यास मिलिमीटरमध्ये. ३४, ३६ आणि ४० चंही तेच. वजन वाढलं, चढावर ते कळतं. पण खडकांच्या रांगेत चाक जिथे ठेवलं तिथेच जातं, आणि माझ्यासारख्याला हा फरक ट्रॅव्हल वाढवण्यापेक्षा मोठा आहे.

सेटिंगबद्दल: तळाला आपटतो म्हणून फोर्कमध्ये टोकन, म्हणजे हवेच्या कप्प्यातली जागा कमी करणारे तुकडे, वाढवत जाण्याची पद्धत आहे. टोकनने शेवटचा भाग कडक होतो, मधला नाही. उभ्या उतारावर ब्रेक लावल्यावर फोर्क मधूनच बुडत असेल तर टोकन मदतीला येत नाही. मी एक टोकन काढलं, हवा थोडी वाढवली आणि लो-स्पीड कॉम्प्रेशन, म्हणजे सावकाश दबण्याला होणारा विरोध, दोन क्लिक आत घेतलं. बुडणं थांबलं. इथला ‘लो-स्पीड’ फोर्क किती सावकाश दबतोय त्याबद्दल आहे, बाइकच्या वेगाशी त्याचा संबंध नाही. ब्रेकने होणारं बुडणं सावकाश, दगडाचा दणका झटक्याचा.

क्रॉस-कंट्री, १०० मिमी, ६६ किलो

माझं थोडक्यात. हँडलवरून चालणारा लॉकआउट (फोर्क दबू न देणारी सोय) असेल तरच लॉकआउटला अर्थ आहे. फोर्कच्या माथ्यावरची कळ शर्यतीत कुणी वाकून फिरवत नाही. चढावर पेडलवर उभं राहून जोर लावताना फोर्क लॉक केला की फरक स्पष्ट जाणवतो. बसून चढत असाल तर फोर्क मोकळाच ठेवा, पुढचं चाक जमीन सोडत नाही.

जुना चालक, ८१ किलो, १६० मिमी, कॉइल

मी इलास्टोमरच्या काळापासून चालवतोय, म्हणजे फोर्कमध्ये स्प्रिंगच्या जागी रबरासारखे तुकडे असायचे तेव्हापासून. थंडीत ते इतके ताठ व्हायचे की सस्पेन्शन आहे हेच कळू नये. पॉल टर्नर यांनी १९८९ मध्ये रॉकशॉक्स सुरू केली, तेव्हा त्या पहिल्या फोर्कचा ट्रॅव्हल जेमतेम ५० मिमीच्या आसपास होता. ग्रेग हर्बोल्ड यांनी १९९० साली अमेरिकेतल्या डुरँगोला डाउनहिलचं विश्वविजेतेपद रॉकशॉक्सच्या फोर्कवर मिळवलं आणि सस्पेन्शन नसलेल्या ताठ फोर्कवाल्यांचा वाद तिथेच निकालात निघाला. पुढे १९९७ चा मार्झोकी झेड-वन बॉम्बर आला. कॉइल स्प्रिंग आणि पायांत भरपूर उघडं तेल, तेच तेल डॅम्पिंगही करायचं आणि बुशिंगला, म्हणजे नळ्या ज्यांवर सरकतात त्या कड्यांना, वंगणही द्यायचं. जड होता, पण चिखलात लोळवला तरी पुढच्या वेळी तसाच चालायचा. त्याच्याइतका भरवशाचा फोर्क मी दुसरा वापरलेला नाही.

आजही मी कॉइलच वापरतो. हवेच्या फोर्कमध्ये दाब धरून ठेवणारे सील असतात, त्यांचं घर्षण मोडल्याशिवाय फोर्क हलत नाही. नव्या फोर्कमध्ये ते खूप कमी झालंय हे मान्य, तरी बारीक खडीवर दोन्हींतला फरक माझ्या हाताला आजही कळतो. ब्रेकमुळे पडलेल्या खाचांच्या लांब पट्ट्यात कॉइल पहिल्या खाचेला जसा वागतो तसाच शेवटच्या खाचेला. वजनाचे दोन-तीनशे ग्रॅम मी त्यासाठी आनंदाने वाहतो. अट एकच: तुमच्या वजनाची स्प्रिंग मिळायला हवी. ५२ किलोच्या ताईंचा अनुभव म्हणून मला अगदी पटला.

घरी सर्व्हिसिंग करणारा, ७४ किलो, १५० मिमी

इथे ‘नवा होता तेव्हा छान होता, नंतर कडक झाला’ असं कुणी लिहिण्याआधी हे सांगतो. तो फोर्क बहुतेक वेळा कोरडा पडलेला असतो.

खालच्या पायांत वंगणासाठी थोडंसंच तेल असतं, काही मिलिलिटर. वरच्या वायपर सीलखाली फोमची रिंग असते, ती तेल शोषून स्टँचियनला लावत राहते. तेल काळं झालं, फोम सुकला, की फोर्क अडखळत हलू लागतो. रॉकशॉक्स या कामासाठी ५० तासांचा अंतराल सांगते. चिखलात, पावसात चालवणाऱ्यांनी तो आणखी कमी धरावा.

काम अवघड नाही. आधी हवा पूर्ण सोडायची, ही पायरी गाळली तर इजा होऊ शकते. मग तळाचे बोल्ट काही आटे सैल करून त्यावर रबरी हातोडीने ठोकायचं, दांडे सुटतात आणि खालचे पाय उतरतात. आतून पुसायचं, फोम धुऊन ताज्या तेलात भिजवायचा, सीलच्या कडेला ग्रीस, आणि कंपनीने त्या मॉडेलसाठी सांगितलेलं तेल मापून घालायचं. अंदाजाने नाही: जास्त झालं तर पूर्ण ट्रॅव्हल मिळत नाही. बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा. डॅम्परला मात्र मी हात लावत नाही, त्यातली हवा काढायला वेगळी साधनं लागतात.

आवाज आणि ढिलेपणाबद्दल सारखं विचारलं जातं. पुढचा ब्रेक दाबून बाइक मागेपुढे हलवा. एका हाताची बोटं हेडसेटच्या (फ्रेममध्ये फोर्क वळतो तिथल्या बेअरिंगच्या) सांध्यावर ठेवा, मग सील आणि स्टँचियन मिळतात तिथे. हालचाल वर जाणवली तर हेडसेट आवळून काम होईल. खाली जाणवली तर बुशिंग झिजलंय, ते विशेष अवजारांचं काम. उभं राहून पेडल मारताना क्राउनमधून (दोन्ही पाय वर जोडणारा भाग) कर्र आवाज येत असेल, तर स्टीअररची (फ्रेममधून हँडलपर्यंत जाणारी) नळी किंवा स्टँचियन क्राउनमध्ये दाबून बसवलेले असतात तो सांधा सैल होतोय. तेल-ग्रीसने ते जात नाही, वरचा पूर्ण भाग बदलावा लागतो. माझ्या एका फोर्कचा तो हमीच्या काळात बदलून मिळाला, म्हणून आवाज आला की लगेच कळवा, मुदत संपू देऊ नका.

स्टँचियनवरच्या ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडलं तर तो सील कापणार आणि तेल बाहेर येणार. आणि प्रेशर वॉशरचा झोत सीलवर कधीही मारू नका.

६९ किलो, ट्रॅव्हल १३० चा १५० केला होता

एअर शाफ्ट (एअर स्प्रिंगमधला दांडा) बदलून ट्रॅव्हल वाढवायचा विचार असेल तर आधी हे वाचा. फोर्क १० मिमीने उंचावला की हेड अँगल, म्हणजे फोर्कचा जमिनीशी असलेला कोन, साधारण अर्ध्या अंशाने कलतो. माझा २० मिमीत एक अंश गेला, पेडलचा मध्यही उंचावला. उताराला धीर वाढला, पण उभ्या चढावर पुढचं चाक भरकटायला लागलं, सीट पुढे सरकवूनही. शेवटी १४० ला थांबले आणि ते दोन्हीकडे जमतंय. फ्रेमला किती मिमीपर्यंत परवानगी आहे तेही बघा, त्यापुढे गेलात तर फ्रेमची हमी जाते.

डोंगरात उंचावर आणि थंडीत चालवतो, ७६ किलो

दोन गोष्टी कुणी सांगितल्या नाहीत. एक, थंडी. खोलीत २५ अंशांना ८० पीएसआय दाबाने भरलेली हवा बाहेर ५ अंशांना सुमारे ७४ होते. फोर्क आधीच खाली बसतो, आणि डॅम्परमधलं तेल घट्ट झाल्यामुळे उठतोही सावकाश. मी बाइक अर्धा तास बाहेर ठेवतो, मग सॅग बघतो आणि रिबाउंड एक-दोन क्लिक उघडतो.

दुसरी, उंची. खालच्या पायांत, एअर स्प्रिंगच्या बाहेर, थोडी हवा अडकलेली असते. हजार-दीड हजार मीटर वर गेलं की बाहेरचा दाब उतरतो आणि ती हवा फोर्कला दबू देत नाही. काही फोर्कना पायांच्या मागे छोटी बटणं असतात, फॉक्स ३८ ला आहेत. वर पोहोचल्यावर ती दाबली की फुस्स होतं आणि फोर्क मोकळा होतो. बटणं नसतील तर निदान हा कडकपणा कुठून आला हे तरी कळेल, आणि उगाच मुख्य हवा सोडली जाणार नाही.

लेफ्टी वापरणारी, ६१ किलो

कॅननडेलचा एकाच पायाचा फोर्क. बघणारे तुटेल का म्हणून विचारतात. तो नीट चालतो. आत बुशिंगच्या जागी निडल बेअरिंग (बारीक रोलरची बेअरिंग) आहेत, त्यामुळे ब्रेक लावलेला असतानाही सहज सरकतो. ट्यूब बदलायला चाक काढावंच लागत नाही, टायर बाजूने निघतो. मात्र हब त्याचाच लागतो, आणि पुढचा फोर्क पकडणाऱ्या कॅरियरवर ही बाइक बसत नाही.

६७ किलो, १३० मिमी

वाचून मोजमाप केलं. सॅग २२ टक्के, पण मोठ्या उडीनंतरही ओ-रिंग ९५ मिमीच्या वर जात नाही. हवा कमी करू?

उत्तर, धागा सुरू करणाऱ्याकडून

हवेला हात लावू नका, सॅग बरोबर आहे. हवा सोडलीत तर ब्रेकला बुडेल. आधी हाय-स्पीड कॉम्प्रेशनची (झटक्याने दबण्याला होणारा विरोध ठरवणारी) कळ असेल तर ती उघडून बघा. मग हवा पूर्ण सोडून वरची टोपी उघडा आणि टोकन किती आहेत बघा. दोन असतील तर एक काढा. तेवढ्याने फरक पडला नाही तर खालच्या पायांत तेल जास्त झालंय का ते तपासा, वर लिहिलंच आहे. पूर्ण १३० ची अपेक्षा ठेवू नका, शेवटचे दहाएक मिमी चुकलेल्या उडीसाठी शिल्लक असलेले बरे. टोकन काढल्यावर तीच उडी घ्या आणि रिंग कुठे थांबली ते कळवा.