‘विश यू वेअर हिअर’ची संथ सुरुवात
पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या १९७५ सालच्या या अल्बममध्ये गायन सुरू व्हायलाच फार वेळ लागतो, हा आक्षेप मला पटत नाही. पहिले शब्द कानी पडण्यापूर्वीच्या त्या आठ-साडेआठ मिनिटांनीच मला त्याच्या प्रेमात पाडले. रिचर्ड राइट यांच्या सिंथेसायझरच्या संथ सुरावटीतून डेव्हिड गिल्मर यांच्या गिटारचे चार स्वर अवचित उमटतात, आणि मानसिक स्वास्थ्य ढासळल्यामुळे १९६८ मध्ये बँडपासून दुरावलेल्या सिड बॅरेट यांची अनुपस्थिती शब्दांवाचून जाणवू लागते. ध्वनिमुद्रण चालू असताना ते स्वतः ॲबी रोड स्टुडिओत आले, तेव्हा जुन्या सहकाऱ्यांनी त्यांना आधी ओळखलेच नव्हते. बँडबाहेरचे गायक रॉय हार्पर यांनी गायलेले याच अल्बममधले ‘हॅव अ सिगार’ हे गाणे मात्र (चाहत्यांनी रागावू नये) मला उपरे वाटते.