विषय: १४ इंची ग्रिलवर मटणाचा खांदा, विस्तव कसा आवरायचा?

मंडळी, नमस्कार.

सहलीला यंदा टिक्का-बर्गरऐवजी धुरावर मंद शिजवलेलं मटण करायचं ठरलंय आणि उत्साहाच्या भरात ते काम मी अंगावर घेतलंय. माझी ग्रिल छोटी आहे, १४ इंची, गोल, झाकणवाली. धूर येतो छान, पण तापमान २२५ फॅरनहाइटवर थांबायला तयार नाही. ३०० ओलांडून पळतं, आणि व्हेंट, म्हणजे हवेची झडप, बंद केले की विझायला लागतं. यूट्यूबवर कडेकडेने कोळशाची लांब रांग, म्हणजे ‘साप’, मांडतात, तसं करू का?

– निखिल

---

निखिल,

साप मांडू नकोस. तो २२ इंची ग्रिलचा उद्योग आहे. तुझ्या ग्रिलची खालची, कोळशाची जाळी मोजून बघ, जेमतेम १० इंच भरेल. ब्रिकेट, म्हणजे कोळशाची दाबून केलेली वडी, साधारण दोन इंचांचं. दोन्ही कडांना दोन-दोनची रांग लावलीस तर मध्ये दोनच इंच जागा उरते. मटण ठेवणार कुठे? निखाऱ्यांच्या डोक्यावर! मग ते मंद शिजणं कसलं, ते भाजणंच झालं.

त्याऐवजी फायरब्रिकचा (भट्टीच्या विटेचा) कोरडा तुकडा बघून खालच्या जाळीवर भिंतीसारखा उभा कर आणि एका बाजूला कोळशाचा कप्पा कर. कप्प्यात न पेटलेली ब्रिकेट दाटीने भर, मधेमधे हिकरी किंवा सफरचंदाच्या लाकडाचे लिंबाएवढे दोन-तीन तुकडे खुपस. लाकूड भिजवत बसू नकोस. पाणी आत फारसं शिरत नाही, नुसती वाफ होते. चिमणीत, म्हणजे कोळसा पेटवायच्या पत्र्याच्या नळकांड्यात, पाच-सहाच ब्रिकेट पेटव, वर पांढरी राख धरली की कप्प्याच्या एका टोकाला ठेव. विस्तव तिथून शेजाऱ्याला शिवत हळूहळू पुढे सरकतो. तुझं तापमान पळतं ते बहुधा चिमणी भरून पेटवल्यामुळे. एकदा सगळा कोळसा लाल झाला की छोट्या भांड्यात तो आवरणं कठीण. पेटवण्यासाठी ते बाटलीतलं तेल वापरू नकोस, मटणाला रॉकेलचा वास येतो.

विटेच्या दुसऱ्या बाजूला फॉइलचा ट्रे ठेव आणि त्यात कढत पाणी ओत. गार ओतलंस तर निम्मी धग ते तापवण्यातच जाईल. वरच्या जाळीवर मटण बरोबर ट्रेच्या वर. झाकणाचा व्हेंट मटणाच्या बाजूला फिरवून घे, म्हणजे धूर मटणावरून जाऊन बाहेर पडतो.

आता व्हेंट. वरचा उघडाच राहू दे, खेळायचं ते खालच्याशी. २०० दिसलं की खालचा निम्म्यावर आण, २२५ ची वाट बघू नकोस. केलेला बदल दिसायला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि तेवढा धीर कुणाला नसतो. तीन मिनिटांत पुन्हा हात घातला की तापमान वर-खाली झुलायला लागतं. झाकण उघडून बघायचा मोह तर त्याहून वाईट. काटा पडतो खरा, पण निखाऱ्यांना भरपूर हवा मिळते आणि झाकण लावल्यावर ते दुप्पट जोमाने पेटतात. झाकणावरचा काटा घुमटातली हवा मोजतो. जाळीवर, मटणाच्या शेजारी वेगळा प्रोब (तापमान मोजायची सळई) लाव आणि तोच खरा मान.

आणि २२५ चा एवढा हट्ट कशाला? छोटी ग्रिल २५० ते २७५ ला सुखाने चालते, तिथेच राहू दे. खांद्यात चरबी असते, त्याला चालतं. चिकन असेल तर ३०० च्या आसपासच बरं, नाहीतर कातडी रबरासारखी होते.

– मेधाताई

---

मेधाताई, वरचा व्हेंट उघडाच ठेवायचा हे शंभर टक्के. काहीजण धूर जास्त वेळ कोंडावा म्हणून तो बंद करतात आणि मग मटण कडू लागलं की मसाल्याला दोष देतात. सुरुवातीचा दाट पांढरा धूर जाऊ द्यावा. निळसर, विरळ, दिसतोय न दिसतोय असा झाला की मग मटण ठेवावं.

निखिल, आपल्याकडचा वारा विसरू नकोस. ही गोल झाकणवाली ग्रिल आपल्या शिकागोचीच पैदास. १९५२ मध्ये वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समधल्या जॉर्ज स्टीफन यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाचे अर्धगोल घेऊन ती बनवली, कारण उघड्या ग्रिलवर वारा त्यांना धड स्वयंपाक करू देत नव्हता. तर खालच्या व्हेंटचं तोंड वाऱ्याकडे ठेवू नकोस, एका झुळकीत ५० अंश चढतील.

– श्रीकांतकाका

---

शाकाहाऱ्यांचं काय? त्याच जाळीवर वांगी नकोत, आधीच सांगते.

– स्मिता

---

स्मिता, तुमची ग्रिल वेगळी. पनीर आणि टोमॅटो तासभर धुरावर पुरे. भरताच्या वांग्याला मात्र मंद धूर उपयोगाचा नाही, साल करपायला हवी. शेवटी दोन्ही व्हेंट सताड उघडून वांगी थेट निखाऱ्यांवर टाकायची.

– मेधाताई

---

सगळ्यांचे आभार. अजून तीन शंका. मसाला ओला की सुका? मध्येच कोळसा कसा घालायचा, माझी जाळी अख्खी उचलावी लागते. आणि मटण १६० ला अडकून बसतं म्हणतात ते काय?

– निखिल

---

मसाला सुका. मीठ आदल्या रात्री, कांदा-लसूण मसाला सकाळी. दह्याचा जाड लेप दिलास तर धूर लेपालाच लागतो, मटण कोरंच राहतं.

कोळशाला दोन माणसं लागतात. एकाने जाड हातमोजे घालून जाळी मटणासकट उचलायची, दुसऱ्याने चिमट्याने निखारे झटकून राख खाली पाडायची आणि चिमणीत पेटवलेली चार-पाच ब्रिकेट कप्प्यात सोडायची. काम अर्ध्या मिनिटाचं, पण राख झटकायला विसरू नका. खालची भोकं बुजली की व्हेंट उघडा असूनही विस्तव मरतो, आणि आपण उगाच कोळसा वाढवत बसतो.

१५०–१७० च्या मध्ये काटा तासन्‌तास हलत नाही, कारण मटणातलं पाणी वाफ होऊन त्याला थंड करत असतं. तेव्हा विस्तव वाढवू नकोस. रंग चांगला आला असेल तर फॉइलमध्ये गच्च गुंडाळ. कोकराच्या खांद्याऐवजी बोकड मिळाला तर लवकर गुंडाळ आणि आत थोडा रस्सा घाल, त्याला चरबी कमी. आतलं तापमान २०० च्या आसपास आलं आणि प्रोब लोण्यात जावा तसा शिरला की उतरव. दीड किलो बोनलेस खांद्याला चार-पाच तास धर, वर अर्धा तास मुरायला.

सराव घरी करणार असशील तर आधी लीज वाच. लाकडी बाल्कनीत कोळसा पेटवायला बहुतेक ठिकाणी मनाई असते, इमारतीपासून १० फूट लांब लागतं. पाऊस आला म्हणून गॅरेजमध्ये मात्र अजिबात नेऊ नकोस, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

वीट माझ्याकडे आहे, शनिवारी घेऊन जा.

– मेधाताई