क्लिंक, क्लँक, क्लँग: तिन्हींना खणखण कसं चालेल?

अनुवादिनी: एका इंग्रजी कथेचं भाषांतर करतेय. तुरुंगातला प्रसंग आहे. एकाच परिच्छेदात तीन आवाज. जेलरच्या पेल्याला बाटली लागते ते क्लिंक, कैदी पाय ओढत जातो ते बेड्यांचं क्लँक आणि शेवटी लोखंडी दार बंद होतं ते क्लँग. मी घाईत तिन्हीकडे खणखण लिहून मोकळी झाले. संपादकांनी तिन्हीखाली लाल रेघ ओढली. मग बेड्यांना खळखळ केलं, तर म्हणाले, "खळखळ ओढ्याची. बेड्या काय वाहतात?" माझी आजी तर 'साखळदंडांचा खळखळाट' असंच म्हणायची, कीर्तनात ऐकलेलं. कोण बरोबर?

विटीदांडू: आजी बरोबर. संपादकांना बेडीचा अनुभव नसावा. :)
पण खणखण चुकलंच. दार एकदाच बंद होतं ना? मग जोडशब्द कशाला? खणकन म्हणजे एकदा, खणखण म्हणजे पुन्हापुन्हा, खणखणाट म्हणजे कान किटेपर्यंत. इंग्रजीत क्लिंकचा 'इ' बारीक वस्तूला आणि क्लँकचा 'अ‍ॅ' जाड वस्तूला. आपण काना देऊन तेच साधतो. खटकन-खाटकन, ठणकन-ठाणकन. चमचा पडला तर ठणकन, परात पडली तर ठाणकन. म्हणून दार ठाणकन लागलं, असं लिहा.

शुद्धमती: ठाणकन? कथेत? तिथे गांभीर्य हवं. संस्कृतात टणत्कार, झंकार, क्वणन, शिंजित असे सुंदर शब्द पडून आहेत. "द्वाराचा टणत्कार झाला" लिहून बघा.

विटीदांडू: टणत्कार धनुष्याचा असतो हो ताई. दार बंद होताना बाण कोण सोडतंय? आणि शिंजित पैंजणांचं. त्या कैद्याच्या पायात पैंजण घालणार का?

शुद्धमती: शब्दाचा अर्थ विस्तारता येतो. आपण विस्तारला नाही म्हणून तर ही वेळ आली.

तांबटाचा नातू: दोघांनी जरा थांबा. मी पुण्याचा, कसबा पेठेतल्या तांबट आळीला लागून घर. आजोबा तांब्याच्या हंड्यावर मठारकाम करायचे, म्हणजे हातोडीने ठोकून एकेक ठसा उमटवायचा. पत्रा मऊ असताना ठोका बसका, 'थप्प' असा यायचा. ठोकून ठोकून पत्रा कडक झाला की तोच ठोका टण्ण व्हायचा, आणि मग आजोबा न बघता म्हणायचे, "आता भट्टीत घाल." म्हणजे एकाच हंड्याचे दोन आवाज. 'मेटॅलिक साउंड' असा एक आवाज नसतोच.
झाडावरचा तांबट पक्षीही तसाच टुक-टुक करतो. गंमत म्हणजे इंग्रजीतही त्याला कॉपरस्मिथच म्हणतात. तिथे तरी दोन्ही भाषांना एकच ऐकू आलं.

माठ: माठ घेताना बोटाच्या पेराने वाजवून बघतात. चांगला असेल तर टणटणीत, तडा असेल तर बद्द. रुपयाही तसाच. 1940 साली चांदी कमी करून निम्म्यावर आणली, तेव्हा जुने सराफ म्हणे नवा रुपया दगडावर टाकून तोंड वाकडं करायचे. या 'बद्द'ला इंग्रजीत सांगा बघू एक शब्द! फार तर 'डल' म्हणतील, आणि डल तर माझा भाचापण आहे.

बारामती लोकल: प्रकृती ठणठणीत, आवाज खणखणीत, म्हातारा टणटणीत. आपली तब्येत सगळी भांड्यांवरून! इंग्रजीतही 'साउंड हेल्थ' म्हणतात. म्हणजे त्यांनीही माणूस वाजवूनच पाहिला.

विटीदांडू: मोहात पडू नका. ते दोन 'साउंड' वेगळे. आवाजाचा लॅटिन 'सोनस'वरून आला, निरोगीपणाचा जर्मन 'गेझुंट'चा चुलतभाऊ. नुसतं दिसण्यात साम्य.

बारामती लोकल: माझी व्युत्पत्ती जास्त चांगली आहे, एवढं मान्य करा.

माठ: मग घड्याळाचा टोल? तो इंग्रजी 'टोल'वरून ना? घड्याळं आली, टोल आले.

विटीदांडू: छे! टोला आपला, विटीदांडूतला. माझं नाव बघा. घंटेवर टोला बसतो तो टोल.

तांबटाचा नातू: आणि टोलनाक्याचा?

विटीदांडू: तो तिसराच, आणि तो तुमच्या खिशाला बसतो.

शुद्धमती: एक सांगते, यावर भांडू नका. आपला 'तास' हा शब्द मुळात वाजवायच्या थाळीचा. ती थाळी ठोकून वेळ सांगायचे, म्हणून तो काळच तास झाला. शब्द फारसीतून आला, हे मीच सांगतेय, नोंद घ्या. इंग्रजी 'क्लॉक'ही मुळात घंटाच, लॅटिन 'क्लोका'. आमच्या गावच्या शाळेत रुळाचा तुकडा चिंचेला टांगलेला होता. शिपाईकाका लोखंडी दांडक्याने तो ठोकायचे. शेवटच्या तासानंतरचा ठोका सगळ्यात गोड वाटायचा, तुकडा तोच असून.

माठ: आमच्याकडे पण रूळच! आणि पोरं दगड मारून सुट्टी करायची.

बारामती लोकल: लंडनला साउथवर्कमध्ये 'क्लिंक' नावाचाच तुरुंग होता, 1780 च्या दंगलीत जाळला. अजून इंग्रज आत गेलेल्याला 'इन द क्लिंक' म्हणतात. अनुवादिनीताई, लेखकाने तिथे कोटी केलेली नाही ना?

अनुवादिनी: अरे देवा. आता पेल्याचं क्लिंक पुन्हा वाचावं लागणार.
बेड्यांना खळखळ ठेवतेय, आजीच्या नावावर. पेल्याला सध्या किणकिण, पण तो कोटीचा प्रश्न तसाच. दाराचं अजून अडलंय. ठाणकन म्हटलं की मला परातच दिसते.

तांबटाचा नातू: दार सरकतं आहे की बिजागरीचं? आणि गजांचं की पत्र्याचं? पत्र्याचं असेल तर धाडकनसुद्धा होईल.

अनुवादिनी: लेखकाने लिहिलेलंच नाही. इंग्रजीत 'क्लँग' म्हटलं की काम भागतं ना.