नातवाचं पोट फक्त शाळेच्या दिवशीच दुखतं. काय करावं?

कर्वेनगरचे आबा | सोमवार, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. आजवर मी इथे नुसता वाचत आलो. घड्याळ दुरुस्तीच्या धाग्यावर एकदोनदा लिहिलं असेल तेवढंच. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, आता नातवाचं खातं सांभाळतो. मुलगा आणि सूनबाई दोघांची नोकरी हिंजवडीला. त्यामुळे डबा सोडला तर सकाळचं बाकी सगळं माझ्याकडे. म्हणजे उठवणं, दात, आंघोळ, बुटाची नाडी आणि रिक्षात बसवणं.

नातू दुसरीत आहे. घरात त्याला चिकू म्हणतात. मराठी माध्यम, सकाळची शाळा, ७:१० ला परिपाठ. रिक्षा आमच्या कोपऱ्यावर ६:३५ ला येते, म्हणजे साहेबांना पावणेसहाला उठवावं लागतं. जून ते ऑक्टोबर पोरगं उड्या मारत गेलं. दिवाळीची सुट्टी संपली आणि पंधरा दिवसांत नवीनच सुरू झालं. मोजे घालायला पायरीवर बसला की "आबा, पोटात दुखतंय." नेमकं पायरीवरच. एक मोजा पायात, एक हातात. कुठे दुखतं विचारलं तर बेंबीवर बोट ठेवतो.

रविवारी दुखत नाही. डिसेंबरात गॅदरिंगची तालीम दुपारी तीन ते पाच असायची, तेव्हाही दुखलं नाही (भाजी मंडईच्या नाचात वांगं झाला होता, फार छान नाचला). रिक्षात कुणी त्रास देत असेल म्हणून चार दिवस मी स्वतः स्कूटरवर सोडलं, तरी दुखलंच.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, जंताचं औषध दिलं, थंडीचं होतं असं म्हणाले. सौ.ने बेंबीला हिंग लावला, दृष्ट काढली. मुलगा म्हणतो नाटक आहे. बाईंना भेटलो. त्या म्हणाल्या, "वर्गात व्यवस्थित असतो, हल्ली जरा गप्प असतो." डबा अर्धा परत येतो. पाण्याची बाटली तर भरलेलीच येते, पण थंडीत तहान कुठे लागते, म्हणून तिकडे लक्ष दिलं नाही.

गेल्या आठवड्यात शाळेचं 'हिवाळी वार्तापत्र' व्हॉट्सअॅपवर आलं. सहा पानं. गॅदरिंगचे फोटो, क्रीडासप्ताहाचे निकाल, स्वेटर नेव्ही ब्ल्यूच हवा, कानटोपी वर्गात काढावी, संक्रांतीला तिळगुळाऐवजी चॉकलेटं वाटू नयेत. शेवटच्या पानावर 'विद्यार्थी कल्याण' म्हणून एक चौकट. तिच्यात सूर्यफुलाचं चित्र आणि खाली "मुलांना आनंदी ठेवा, मोबाइल देऊ नका, कोमट पाणी द्या." चित्र मजकुरापेक्षा मोठं होतं. मी चष्मा लावून दोनदा वाचलं, चिकूच्या पोटाचं उत्तर त्यात सापडलं नाही.

शाळा बदलावी का? दुपारच्या शाळेत घालावं का? की मुलगा म्हणतो तसं दुर्लक्ष करावं?

---

घाटमाथा | सोमवार, रात्री ९:४१

थंडी कसली हो आबा? पुण्याचा नीचांक १.७ अंश, जानेवारी १९३५. तेव्हाही पोरं शाळेत जातच होती. आता शिवाजीनगरला पारा बाराच्या खाली आला की लोक सिमला ऑफिसला, म्हणजे हवामान खात्याला, फोन करायला निघतात. लाड कमी करा. माझी मतं तिखट आहेत, राग मानू नये.

---

सोनचाफा_७ | सोमवार, रात्री १०:०५

घाटमाथा, तुम्ही १९३५ साली शाळेत होतात का? नाही ना? मग झालं तर.

आबा, माझी मुलगी तिसरीत. आम्ही पाषाणला राहतो. शिवाजीनगरच्या आकड्यात आमच्याकडे दोनतीन अंश वजाच धरायचे. माझा राग शाळेच्या वेळेवर आहे. तेव्हाच्या राज्यपालांनी डिसेंबर २०२३ मध्ये मुलांच्या झोपेचा विषय काढला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाचं परिपत्रक निघालं: पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, २०२४-२५ पासून. आमच्या शाळेत विचारलं तर "एकच इमारत, दुपारी हायस्कूल भरतं, वर्ग कुठून आणायचे?" अडचण खोटी नाही, मान्य. पण सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते. पावणेसहाला उठणारं पोर रात्री पावणेनऊला झोपलेलं हवं. आईबाप हिंजवडीहून साडेआठला घरी येणार, मग ते पोर त्यांना बघणार कधी? चिकू किती वाजता झोपतो?

मुलगा 'नाटक' म्हणतो ते मात्र मनावर घेऊ नका. आमच्याकडेही हाच शब्द होता. नंतर कळलं की हिच्या बाकावरची मैत्रीण दुसऱ्या तुकडीत गेली होती. आम्हाला कळायला दोन महिने लागले.

---

खडू_फळा | सोमवार, रात्री १०:५०

मी गेली एकोणीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवते. शाळेचं नाव सांगणार नाही, तुमची नाही एवढं नक्की.

आबा, तुम्ही सगळं नीट लिहिलंत आणि महत्त्वाचं वाक्य जाता जाता टाकून गेलात. पाण्याची बाटली भरलेली परत येते. डबा अर्धा. तालमीला दुखत नाही, कारण ती दोन तासांचीच होती आणि घरून सगळं उरकून गेला असणार. मला विचाराल तर हे पोर शाळेत लघवीला जात नाही. जायला लागू नये म्हणून पीत नाही आणि खात नाही.

माझ्या वर्गात दर वर्षी अशी दोनतीन तरी मुलं निघतात. थंडीत जास्त, कारण घाम येत नाही आणि लघवी जास्त होते. कारणं आपल्याला हसू येईल अशी असतात. पालीची भीती, पँटचं बटण घट्ट, चौथीची मुलं दार ढकलतात, लादी गार लागते. केरळमध्ये २०१९ साली शाळांनी पाण्याची वेगळी घंटा सुरू केली. ते वाचून मीही वर्गात तसं केलं. घंटा झाली की सगळे एकदम बाटली उघडतात. पण पाणी पाजलं की पुढची सोय बघायला हवी, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

त्याला "का जात नाहीस?" असं विचारू नका. "का" म्हटलं की मुलं "काही नाही" म्हणतात. शाळेचा नकाशा काढायला सांगा. रिक्षा कुठे थांबते, वर्ग कुठे, पाण्याचे नळ कुठे. तुम्ही नुसते शेजारी बसा. काय काढत नाही ते बघा.

---

सुंठसाखर | मंगळवार, सकाळी ७:३०

बालरोगतज्ज्ञ आहे, पण इथून तपासता येत नाही हे आधी सांगते.

खडू_फळा यांचा अंदाज मला पटतो. सात वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयाची क्षमता ढोबळ हिशेबाने अशी काढतात: वय अधिक दोन, गुणिले तीस मिलिलिटर. म्हणजे २७० च्या आसपास. सहाला घर सोडायच्या गडबडीपासून साडेबारापर्यंत ते रोखून धरायचं हे केवढं काम आहे बघा. आणि जो लघवी रोखतो तो बहुधा शीही रोखतो. मल आतड्यात साठून कडक होतो, आतडं ताणलं जातं, मग जायची जाणीवही बोथट होते. मुलं पोटदुखीसाठी बेंबीवर बोट ठेवतात त्यात बद्धकोष्ठ हे अगदी नेहमीचं कारण आहे. त्यात भीती मिसळली की सकाळी जास्त दुखतं. दुखणं खरंच असतं. 'नाटक' हा शब्द घरातून काढून टाका.

शी रोज होते का, कडक असते का, चड्डीला डाग असतात का, हे एकदा बघा. नाश्त्यानंतर दहा मिनिटं घाई न करता बसू द्या. कमोड असेल तर पायाखाली पाट ठेवा. सध्या पेरू, संत्री भरपूर आहेत, खाऊ द्या. दूध मात्र दोन कपांच्या वर नको. रात्री झोपेतून उठवणारी दुखी, उलट्या, ताप, वजन घटणं, शीमध्ये रक्त किंवा उजवीकडे खाली दुखणं, यातलं काही दिसलं तर धाग्यावर उत्तराची वाट न बघता दवाखाना गाठायचा. लघवी करताना जळजळ होत असेल तर लघवी तपासून घ्या.

आणि भीती फार वाढलेली वाटली तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. फुकट आहे, मराठीत बोलतात.

---

कर्वेनगरचे आबा | शुक्रवार, रात्री ८:५५

सर्वांना उशिरा उत्तर देतोय, कारण तीन दिवस धावपळीत गेले.

मंगळवारी संध्याकाळी चिकूला कागद दिला. म्हटलं, मी खात्यात असताना लाइनीचे नकाशे काढायचो, तू शाळेचा काढ. गडी खूश. रिक्षा काढली, काकांची मिशीही काढली. मग फाटक, चिंचेचं झाड, वर्ग, बाईंचं टेबल, नळ. नळाच्या पुढे कागद कोरा. मी म्हटलं, "आणि मुलांची मोरी?" पोरगं थांबलं. मग पेन्सिल आडवी धरून एक चौकोन काढला आणि घासत राहिलं, घासत राहिलं, कागद चकाकायला लागला. चौकोनाच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं, 'कडी'.

त्यातून जे निघालं ते असं. दिवाळीनंतरचा पहिला किंवा दुसरा आठवडा. परिपाठाआधी हा मोरीत गेला. ती इमारतीच्या मागे, जिन्याखाली. जूनमध्ये सहालाच उजाडलेलं असतं, आता सूर्य सातनंतर वर येतो. बाहेर फटफटलेलं असलं तरी आत अंधारगुडूप. ट्यूब बंद. याने कडी लावली ती भोकात खाली उतरून बसली, उघडेना. बाहेर घंटा झाली, प्रार्थना झाली. दार वाजवणार तेवढ्यात राष्ट्रगीत सुरू झालं. आणि राष्ट्रगीत सुरू असताना हलायचं नाही हे याला पक्कं शिकवलेलं. तेव्हा हा आत, अंधारात, सावधान उभा राहिला. संपल्यावर दार वाजवलं. मावशींनी उघडलं. वर्गात गेल्यावर "उशीर का?" एवढंच विचारलं गेलं. हा म्हणाला, "काही नाही."

त्या दिवसापासून तो मोरीत गेलेला नाही. अडीच महिने.

मुलगा हे ऐकत होता. तो काही बोलला नाही. उठून गॅलरीत गेला.

बुधवारी शाळेत गेलो. सोबत टेस्टर आणि पेचकस नेला होता, सवय जात नाही. ऑफिसात सांगितलं, दुरुस्तीसाठी अर्ज द्या. दिला. मुलांसाठी स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी हे शिक्षण हक्क कायद्यातच आहे, असं एक वाक्य त्यात घालणार होतो. मग म्हटलं आधी गोडीत बघू. मुख्याध्यापिका बाई समजूतदार निघाल्या. स्वतः मागे येऊन बघून गेल्या, तोंडाला पदर लावून. शिपाईदादांनी सांगितलं, ट्यूब शाबूत आहे, स्टार्टर गेलाय, दिवाळीपासून. स्टार्टर गुरुवारी बसला. कडी मात्र खरेदीच्या यादीत घालू म्हणाले. मी त्याच संध्याकाळी जुनी कडी मापाला मागून घेतली आणि नवी आणली. आज सकाळी शिपाईदादांनी ती बसवली. नियमाप्रमाणे पालकांनी शाळेत दुरुस्ती करायची नसते, म्हणून मी फक्त स्क्रू हातात धरून उभा होतो.

मधल्या सुट्टीत बाईंनी चिकूला बरोबर नेलं. त्याने कडी सात वेळा लावली आणि काढली. मोजली, असं तो म्हणाला.

सोनचाफा, झोपतो साडेनऊला. नऊवर आणायचा प्रयत्न चालू आहे. त्याची आई आता बुधवारी घरून काम करणार आहे. डॉक्टर ताई, बद्धकोष्ठ होतंच. तुम्ही लिहिलंत ते सगळं विचारून पुन्हा दवाखान्यात दाखवलं, औषध सुरू आहे, त्याला काही आठवडे लागतील म्हणाले. आज सकाळी पायरीवर पुन्हा "दुखतंय" झालंच, पण दुसरा मोजा बोलता बोलता घातला.

बाटली आज अर्धी रिकामी आली. अर्धं पाणी चिंचेला घातलं असावं, असा सौ.चा अंदाज आहे.

---

खडू_फळा | शुक्रवार, रात्री ९:१५

घालू दे चिंचेला. सोमवारी मी आमच्या शाळेतल्या सगळ्या कड्या लावून बघणार आहे.

---

घाटमाथा | शुक्रवार, रात्री ९:३२

माझे शब्द मागे घेतो. आबा, कडी कुठल्या दुकानातून घेतलीत? आमच्या बाथरूमची पण अडकते.