मदत हवी आहे: हिपॅटायटिस सी निघालाय, पण आला कुठून?

त्रस्तमैना: रिपोर्टमध्ये हिपॅटायटिस सी पॉझिटिव्ह. रात्रभर झोप नाही. नशेची इंजेक्शनं कधीच नाहीत, टॅटू नाही, रक्त चढवलेलं नाही. मग आला कुठून? प्लीज लवकर सांगा, घरात प्रश्न सुरू झालेत.

लॅबवाली: कोणती टेस्ट? अँटीबॉडी की आरएनए, म्हणजे थेट विषाणू शोधणारी? वय? आणि टेस्ट मुळात केली कशासाठी?

जुनाजाणता: कावीळ म्हणजे पाणी. उकळून प्या. माझी पंधरा दिवसांत उतरली होती.

लॅबवाली: काका, पाण्यातून ए आणि ई. सी रक्तातून येतो.

जुनाजाणता: काका कोणाला म्हणता?

त्रस्तमैना: 'अँटी-एचसीव्ही रिअ‍ॅक्टिव्ह' लिहिलंय, म्हणजे अँटीबॉडीवालीच ना? वय 37. पाचवा महिना चालू आहे, त्या तपासण्यांत निघालं. सांगायचं राहिलंच.

निळीशाई: अगं, हे आधी सांगायचं ना! सिझेरियनच करून घे, बाळाला लागण होत नाही. माझ्या जावेने तेच केलं.

लॅबवाली: जावेला सी होता?

निळीशाई: बी होता बहुतेक.

लॅबवाली: मग कशाला सांगता? सीमध्ये सिझेरियनने धोका कमी होत नाही. आईच्या रक्तात विषाणू असेल तर शंभरात साधारण पाच-सहा बाळांना लागण होते, सोबत एचआयव्ही असेल तर जास्त. मैनाताई, आधी आरएनए करा. अँटीबॉडी म्हणजे विषाणू कधीतरी शरीरात शिरला होता एवढंच; आत्ता आहे की नाही ते आरएनए सांगतं. काहींच्या शरीरातून तो आपोआप जातो. आता नीट आठवा: ऑपरेशन, डायलिसिस, न उकळलेल्या सुया, नाक-कान टोचणं, दवाखान्यातली नोकरी?

बिनधास्त_बाबू: नवऱ्याला विचारा. असले रोग कुठून येतात सगळ्यांना ठाऊक आहे.

लॅबवाली: बाबू, एकाच जोडीदाराशी संबंध असतील तर हा त्या वाटेने क्वचितच पसरतो. नवऱ्याने टेस्ट जरूर करावी, पण तुमच्या सुरात नको.

त्रस्तमैना: इथे उलटंच चाललंय. नवरा तोंडाने काही बोलत नाही, फक्त माझा कप वेगळा ठेवलाय.

खारूताई: कप परत जागेवर ठेव. एकत्र खाण्यापिण्याने, मिठी मारल्याने हा पसरत नाही. टूथब्रश, रेझर, नेलकटर तेवढे वेगळे. मला 2019 मध्ये निघाला होता. बारा आठवडे गोळ्या घेतल्या, गेला. गरोदरपणात मात्र या गोळ्या सहसा देत नाहीत, बाळंतपणानंतर सुरू करतात. अंगावर पाजता येतं; स्तनाग्रांना चिरा पडून रक्त येत असेल तर तेवढे दिवस थांबायचं. आणि एक कर, तान्ही असताना काही झालं होतं का ते आईला विचार.

त्रस्तमैना: आईला फोन केला. जन्मल्यावर कावीळ फार वाढली म्हणून माझं रक्त बदललं होतं म्हणे! 1988 मध्ये! आणि मी आजवर प्रत्येक फॉर्मवर 'रक्त चढवले आहे का' पुढे 'नाही' लिहीत आले.

लॅबवाली: विषाणू ओळखलाच गेला 1989 मध्ये. 88 च्या बाटलीत तो कोण शोधणार? तेच कारण, असं छातीठोकपणे नाही सांगता येणार, पण आधी तिथेच बोट जातं. डॉक्टरांना सांगा. आरएनए पॉझिटिव्ह आला तर यकृतही तपासतील.

जुनाजाणता: म्हणजे शेवटी कावीळच निघाली. मी पहिल्यांदाच म्हटलं होतं.

निळीशाई: अवांतर: बीसारखी सीची लस मिळते का?

खारूताई: नाही.

त्रस्तमैना: आरएनएसाठी रक्त देऊन आले. नवऱ्याला हा धागा वाचायला दिलाय, अजून बाबूच्या प्रतिसादावरच अडकलाय.